शेंडेनक्षत्राच्या साली जन्मलेले आजोबा

गेल्या अंकात विचारलं होतं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जन्माच्या, मरणाच्या तारखा तुम्हाला कशा सांगितल्या गेल्या? पत्रांतून उत्तरं आली ती तारखांच्या रूपात फारशी नाहीतच. 'प्लेगात', 'मानमोडीत', 'टिळक गेले तेव्हा', 'दरबारच्या साली' अशी ती आहेत. बहुतेकांनी पुढे खंत लिहिली आहे, की नेमकं काहीच कळत नाही. मला तसं वाटत नाही. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात माझी नोकरी झाली, मोडी वाचायला तिथेच शिकले, आणि जुन्या माणसांच्या अशा खुणांवरून वहीतलं पान सापडताना कितीदा पाहिलं आहे. म्हणून आज फक्त याच पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न (चाळीसगाव) : माझे आजोबा प्राथमिक शिक्षक होते. दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९१२. पण पणजी म्हणायची, 'हा शेंडेनक्षत्राच्या साली झाला. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. बाबा पहाटे उठून अंगणात जायचे नि उगवतीकडे बघत उभे राहायचे. आईनं मला मात्र दाराशी फिरकू दिलं नाही, बाळंतिणीनं ते बघू नये म्हणून.' यावरून काही ठरवता येईल का?

उत्तर : येईल, आणि बरंच येईल. तुमच्या पणजीनं तीन वाक्यांत जे सांगून ठेवलं आहे ते दाखल्यापेक्षा जास्त भरवशाचं आहे.

आधी दाखल्याचं. १ जून ही तारीख आपल्याकडे हजारो घरांत आहे. शाळा जूनमध्ये भरायची. मूल डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरू शकलं की ते शाळेत घालण्याजोगं झालं असं समजत. मग मास्तर अंदाजानं साल धरून १ जून लिहीत. त्यामुळे या तारखेतला दिवस, महिना तर सोडाच, सालही पक्कं धरू नका.

आता शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू. साल १९१० हे नक्की. पण त्या एका वर्षात दोन धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसले होते, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. पहिला जानेवारीतला. तो अचानक आला, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. १२ जानेवारीला दक्षिण आफ्रिकेत प्रथम दिसला आणि पाच-सहा दिवसांत इतका तेजस्वी झाला की दिवसाउजेडीही दिसे. जानेवारीच्या उत्तरार्धात तो संध्याकाळी मावळतीला दिसत होता. दुसरा हॅलेचा, ज्याची सगळं जग वाट बघत होतं. तो २० एप्रिलला सूर्याच्या सर्वांत जवळ आला, एप्रिलच्या शेवटी पहाटे उगवतीकडे दिसू लागला आणि मेच्या मध्यापर्यंत रोज पहाटे त्याची शेपटी लांबत गेली. १८-१९ मेच्या सुमारास पृथ्वी त्या शेपटीतून गेली. काहीतरी अरिष्ट येणार म्हणून देशोदेशी लोक धास्तावले होते. त्यानंतर तो सूर्याच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि संध्याकाळी मावळतीला दिसू लागला.

तुमची पणजी 'पहाटे' म्हणाली आणि 'उगवतीकडे' म्हणाली. त्यामुळे जानेवारीतला धूमकेतू बाद झाला आणि २० मेनंतरचे दिवसही बाद झाले. राहिले ते एप्रिलचा शेवटचा आठवडा ते साधारण १७ मे, एवढेच. त्या दिवसांत ती बाळंतिणीच्या खोलीत होती, म्हणजे बाळ एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत केव्हातरी झालेलं. साल दोन वर्षांनी मागे गेलं आणि अख्ख्या वर्षातून एक महिना हाती आला!

याहून जवळ जायचं असेल तर घरातल्या सर्वांत वडील बाईला एकच विचारा : बाळ आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचं की नंतरचं? खानदेशात हे कुणी विसरत नाही. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोके बांधतात, गाणी म्हणतात. बाळंतीण खोलीत आणि बहिणी झोक्यावर, अशी आठवण कुणाकडे तरी उतरलेली असेल. १९१०ची अक्षय्य तृतीया मेच्या दुसऱ्या आठवड्यात होती. तिच्या अलीकडचं की पलीकडचं एवढं कळलं तर पंधरवडा ठरला.

घरात पत्रिका असेल तर तीवर शके १८३२, साधारणनाम संवत्सर असं असायला हवं. तसं असेल तर मनात शंका ठेवू नका. पत्रिकेवर शके १८३१ आणि सौम्यनाम संवत्सर निघालं, तर मात्र मला पुन्हा लिहा, कारण मग जानेवारीच्या धूमकेतूचा विचार करावा लागेल.

प्रश्न (बीड) : आजी दिल्ली दरबारच्या साली जन्मली असं सांगतात. म्हणजे १९११ ना?

उत्तर : घाई करू नका, दरबार तीन झाले. १८७७चा फार मागचा, तो सोडला तर राहतात दोन. पहिला १ जानेवारी १९०३चा, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचा. तो लॉर्ड कर्झननं भरवला, राजा स्वतः आला नव्हता. दुसरा १२ डिसेंबर १९११चा. त्या वेळी पंचम जॉर्ज राणीसह जातीनं आला, २ डिसेंबरला मुंबईला अपोलो बंदरावर उतरला, आणि त्याच दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली. घरात 'राजा आला होता' असं बोललं जात असेल तर १९११. तसं काही कानावर नसेल तर आजीच्या थोरल्या मुलाचं जन्मसाल बघा. दोन दरबारांत जवळजवळ नऊ वर्षांचं अंतर आहे, हिशेबात ते लपत नाही.

तुम्ही बीडचे, म्हणून एक जास्तीचं सांगते. मराठवाड्यातल्या जुन्या कागदांवर फसली साल, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल, असतं आणि लिपी बहुधा उर्दू. फसली सालात ५९० मिळवले की सुरुवातीच्या महिन्यांचं इसवी साल येतं, पुढच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. फसली १३२० म्हणजे १९१०-११. निजामाच्या मुलखातल्या घरांत आणखी दोन खुणा चालत. हैदराबादेतला मुसी नदीचा पूर, तो २८ सप्टेंबर १९०८चा. आणि सहावे निजाम महबूब अली खान वारले ते साल, २९ ऑगस्ट १९११. आजीच्या माहेरी यांपैकी कशाचा उल्लेख होतो का, तेही विचारून पाहा.

प्रश्न (कराड) : आमचे आजोबा टिळक वारले त्याच रात्री जन्मले, असं घरात अभिमानानं सांगतात. पत्रिकेत शके १८४२, रौद्रनाम संवत्सर, शनिवार, इष्ट घटी ४८ असं आहे. पण १ ऑगस्ट १९२०ला रविवार होता. पत्रिका चुकली की घरातली गोष्ट खोटी?

उत्तर : दोन्ही खरं आहे. हे पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण इतका नेमका पुरावा क्वचित हाती येतो.

लोकमान्य मुंबईत सरदारगृहात वारले ते ३१ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर. इंग्रजी हिशेबानं तारीख १ ऑगस्ट झाली होती आणि वार रविवार. आपल्या पंचांगात वार बदलतो तो सूर्योदयाला. म्हणजे पंचांगाच्या हिशेबानं ती रात्र शनिवारचीच.

आता तुमची इष्ट घटी. ती सूर्योदयापासून मोजतात. अहोरात्राच्या साठ घटी, एक घटी चोवीस मिनिटांची. जुलैअखेरीला तुमच्याकडे सूर्य सहा वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे मध्यरात्र साधारण पंचेचाळिसाव्या घटीला पडते. पंचेचाळीसच्या आतली घटी असती तर आजोबांचा जन्म ३१ जुलैचा ठरला असता. अठ्ठेचाळीस म्हणजे सूर्योदयापासून एकोणीस तास आणि वर काही मिनिटं, रात्रीचा सव्वा-दीडचा सुमार. तारीख १ ऑगस्ट १९२०. टिळकांनी प्राण सोडला त्यानंतर तासाभरातच तुमचे आजोबा जन्मले.

त्या वेळी घरात कुणालाच ते ठाऊक नसणार. बातमी मागाहून आली असेल, मग दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या असतील. पण जोडणाऱ्यानं बरोबर जोडल्या, आणि जोशीबुवांनी घटी लिहून ठेवली म्हणून आज ते सिद्ध करता येतं. पत्रिका फार जीर्ण झाली असेल तर तिचं लॅमिनेशन करू नका, कागद कायमचा जातो. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आणि एक चांगला फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवा.

आणखी एक. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म याच तारखेचा, १ ऑगस्ट १९२०, आणि वाटेगाव तुमच्या तालुक्यापासून लांब नाही. गांधीजींचं असहकाराचं आंदोलनही त्याच दिवशी सुरू झालं. आजोबांच्या वाढदिवसाला नातवंडांना हे तिन्ही सांगा.

प्रश्न (रत्नागिरी) : केशवसुत, बालकवी आणि गडकरी हे तिघेही साथीच्या रोगानं गेले असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं का? आणि केशवसुतांच्या जन्मतारखा दोन का दिसतात?

उत्तर : तिघांपैकी फक्त केशवसुत. ते ७ नोव्हेंबर १९०५ला हुबळीत प्लेगानं गेले. बालकवी ५ मे १९१८ला जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून गेले, अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ मुंबईत आली ती जूनमध्ये, त्यानंतर. गडकरी २३ जानेवारी १९१९ला सावनेरला वारले. साथ नुकतीच ओसरत होती म्हणून लोक त्यांचं नाव तिच्यात घालतात, पण त्यांना क्षय होता. नऊ महिन्यांच्या आत मराठीनं बालकवी आणि गडकरी दोघांनाही गमावलं. त्या वर्षाचं दुःख इतकं दाट आहे की सगळ्यांना एकाच कारणात बसवावंसं वाटतं, हे मला समजतं. पण व्याख्यात्यांनी तसं करू नये.

केशवसुतांचं म्हणाल तर १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६ अशा दोन्ही तारखा छापल्या जातात. मालगुंडात एका शिक्षकाच्या घरी मूल जन्मलं तेव्हा पुढे ते कोण होणार हे कुणाला ठाऊक होतं? मृत्यूच्या वेळी मात्र ते महाराष्ट्राला माहीत झालेले कवी होते, म्हणून ती तारीख एकच आहे. कोणतीही जन्मतारीख धरली तरी त्यांना आयुष्य मिळालं एकोणचाळीस वर्षांचं.

प्रश्न (येवला) : प्लेगात आमचं सगळं गाव माळावर झोपड्या करून राहिलं होतं आणि तिथेच आजोबांचे थोरले भाऊ जन्मले. प्लेगाचं साल कोणतं धरायचं?

उत्तर : एक साल धरता येत नाही. मुंबईत प्लेग सप्टेंबर १८९६मध्ये ओळखला गेला, पुण्यात १८९७मध्ये रँडचा खून झाला तो याच साथीच्या बंदोबस्तावरून. पण रोग तेव्हा गेला नाही. पुढची वीसेक वर्षं तो हिवाळ्याच्या तोंडाशी पुन्हा पुन्हा येत राहिला, कधी या गावात, कधी त्या. घरात उंदीर मरून पडले की लोक गाव सोडून शेतात जात. त्यामुळे 'प्लेगात' याच्या पुढचा प्रश्न विचारायला हवा : कितव्यांदा माळावर गेले होते? आणि शेतात तेव्हा काय उभं होतं, बाजरी की हरभरा? भावंडांचा क्रम आणि शेतातलं पीक या दोन गोष्टींवरून मी अशी सालं लावलेली आहेत.

प्रश्न (कोपरगाव) : पणजी मानमोडीत गेली, एवढंच ठाऊक आहे. नाव माहीत आहे, तारीख नाही. आम्हाला तिचं श्राद्ध तिच्या तिथीला करायचं आहे. तालुक्याला चौकशी केली तर 'अशा नोंदी नसतात' असं उत्तर मिळालं.

उत्तर : नोंदी असतात. थोडं सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न माझ्या घरचाही आहे.

मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएन्झा. जूनमध्ये मुंबईत आली तेव्हा ती सौम्य होती. सप्टेंबरमध्ये फिरून आली ती माणसं घेऊनच गेली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं दगावल्याची नोंद आहे, एका दिवसात. मग रेल्वेच्या वाटेनं ती गावोगाव गेली. त्या वर्षी पाऊस फसला होता, धान्य महाग झालं होतं, अंगात ताकद नव्हती. म्हातारी आणि लहान मुलं यांच्यापेक्षा वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसं त्यात जास्त गेली, आणि बायका, त्यातही पोटुशा आणि बाळंतिणी, फार. देशभरात दीड कोटीच्या आसपास माणसं गेली असावीत असं अभ्यासक धरतात. १९११ ते १९२१ या एकाच दशकात आजच्या भारताएवढ्या प्रदेशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली.

माझ्या आईची आई त्या साथीत जन्मली, निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात. तिची आई पाचवीच्या दिवशी गेली. पाचवीची पूजा मांडलेली तशीच राहिली, असं आजी सांगायची. तिला ते तिच्या मावशीनं सांगितलेलं. त्याच मावशीनं तिला शेळीच्या दुधावर वाढवलं. आजीला स्वतःच्या आईचा चेहरा, आवाज, काहीच माहीत नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की ती 'दिवाळीच्या आधी' गेली.

नोकरीत लागल्यावर काही वर्षांनी मी ते पान शोधलं. त्या गावची वही उघडली तेव्हा आधीच्या महिन्यांत मृत्यूच्या नोंदी तीन-चार अशा होत्या. त्या महिन्यात पानं उलटत गेले तरी संपेनात. मध्येच अक्षर बदललेलं. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द, 'ताप'. खाली 'सदर', पुन्हा 'सदर'. त्यात माझी पणजी होती. तिच्या नावानं नाही, 'अमक्याची बायको' म्हणून, वय अठरा. पाच दिवस मागे गेले तेव्हा जन्माची नोंद मिळाली : बापाचं नाव, जात, आणि 'मुलगी'. आजीचं बारसंच झालं नव्हतं, नाव येणार कुठून? त्या दिवशी मला घरी जाऊन जेवता आलं नाही. पण आजीला मी तिची जन्मतारीख सांगू शकले. वयाच्या सत्तराव्या वर्षी तिनं ती पहिल्यांदा ऐकली.

म्हणून तुम्हाला सांगते, असं करा. 'मृत्यूचा दाखला' मागू नका, त्यावर तुम्हाला नाहीच म्हणतील. तुमच्या गावचा गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, सन १९१८चं, असा स्पष्ट उल्लेख करून तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या. वही मोडीत असेल. पणजीचं नाव शोधू नका, पणजोबांचं शोधा. माहेरी मरण पावली असेल तर माहेरच्या गावची वही लागेल आणि तिथे बहुधा तिच्या वडिलांचं नाव असेल. कारणाच्या रकान्यात 'मानमोडी' सापडणार नाही, 'ताप' असेल.

वहीपर्यंत पोचायच्या आधी घरात एक गोष्ट विचारून ठेवा. तुमच्यापासून शिर्डी जवळ आहे. साईबाबांनी देह ठेवला तो त्याच साथीतल्या दसऱ्याला, १५ ऑक्टोबर १९१८, शके १८४०, आश्विन शुद्ध दशमी. तुमच्या भागातल्या घरांत 'बाबा गेले त्याच्या आधी' किंवा 'त्यानंतर' असं हमखास बोललं जातं. पणजीचं जाणं त्याच्या कोणत्या बाजूचं हे कळलं तर कोणतं पान आधी उघडायचं ते ठरेल. तारीख मिळाली की तिथी काढून देणं माझ्याकडे लागलं. पानाचा फोटो सरळ वरून, उजेडात काढा, बोटांची सावली पडू देऊ नका, आणि आजूबाजूच्या चार ओळीही येऊ द्या. मोडीत एकटी ओळ वाचणं अवघड जातं, तेच अक्षर शेजारच्या ओळीत असलं की वाचता येतं.